भिंतीवरची मारियामाता

कुस्को, २० ऑगस्ट

उरिएल,

आधी ‘प्रिय दादा’ लिहिलं होतं, मग खोडलं. राग मानू नकोस. पत्र पाहून दचकूही नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला की तू कट करतोस, म्हणून फेलीपा मावशीकडून पत्ता घेतला. यंदा थंडी कडक पडली, त्यामुळे गोठवून वाळवलेला चुनो छान झालाय. बटाटे तुडवून तुडवून बाबांचे गुडघे मात्र कुरकुरायला लागलेत. तुझी बेकरी कशी चाललीय? अरेकिपात भट्टीपाशी उकडत असेल.

मी अजून प्रयोगशाळेत जुनी चित्रं तपासते. हल्ली आमच्याकडे हातात मावेल असं यंत्र आलंय. चित्रासमोर नुसतं धरायचं, रंगाला नखही लावायचं नाही. क्ष-किरण पडले की त्या रंगात शिसं आहे, पारा आहे की आणखी काही, ते पडद्यावर उमटतं. जुन्या चित्रकारांचा पांढरा रंग शिशाचा असायचा. बाबा त्यांच्या चित्रांना दुकानातला वापरतात, टायटॅनियमचा. आजोबांच्या आधी तो कुणी पाहिलाही नव्हता.

हे तुला का सांगतेय? थांब जरा. कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाहीये.

गेल्या आठवड्यात आपल्या गावच्या चर्चमधल्या चित्रांची नोंद करायला आम्हाला पाठवलं. किल्ल्या सांभाळणाऱ्या फोर्तुनाताबाई म्हणाल्या, “ते काय तपासतेस पोरी? ती तुझ्या बापाची, मेलितोनची नक्कल. खरी तर तुझ्या भावानं...” आणि त्यांनी जीभ चावली.

सणाआधी चर्चमधल्या चित्रातली मारियामाता यजमानाच्या घरी पाहुणी जायची आणि भिंत उघडी दिसू नये म्हणून तिथे बाबांनी केलेली नक्कल लावायची, हा रिवाज तू विसरला नसशील. तू गेलास त्या वर्षी यजमान आपले बाबाच होते. घोंगडीत गुंडाळलेलं चित्र आपल्या घरातून गेलं आणि तूही गेलास. बाबा बिचारे गावभर सांगत फिरले, “चोर हिंडत होते म्हणून मी अदलाबदल करून घरी नक्कल आणली होती. गेली ती माझी नक्कल. खरी भिंतीवरच आहे!” पोराला वाचवायला म्हातारा खोटं बोलतोय, असं सगळे म्हणाले. मीही. तेव्हापासून माता कुणाकडे पाहुणी गेली नाही.

उरिएल, भिंतीवरच्या चित्रात टायटॅनियम नाही. चेहऱ्यात शिसं आहे, ओठांत पारा आहे. झग्याच्या निळ्यात कोबाल्ट आहे, जुने लोक निळ्या काचेची भुकटी घालायचे त्यातला. मी पुन्हा पुन्हा तपासलं. ती खरी आहे.

म्हणजे तू मातेला विकलंच नाहीस, बाबांचं चित्र विकलंस. मग तू चोर आहेस का? आहेसच, तुला तर खरीच विकायची होती. पण काही गेलंच नसेल तर एवढी वर्षं आपण सुतक कसलं पाळतोय? माझं डोकं चालेनासं झालंय.

बाबांना सांगितलं तर आधी फुरंगटले. “यंत्राचं ऐकतेस, बापाचं नाही ऐकलंस!” मग हळूच म्हणाले, “घेणाऱ्याला कळलं नाही?”

“नसावं.”

“माझं चित्र जुनं म्हणून घेतलं?”

इतके खूश झाले की चिचाचा, मक्याच्या दारूचा, मोठा पेला भरून घेतला आणि स्वतःशीच हसत बसले. हसता हसता रडायला लागले. “ती तर घरातच आहे गं. मग माझं पोर बाहेर का?”



आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. त्या नकलेचे ओठ बाबांनी तुझ्याकडून रंगवून घेतले होते. घोंगडी सोडून एकदा जरी तिच्या तोंडाकडे पाहिलं असतंस तरी तू ओळखलं असतंस. तू पाहिलंच नाहीस ना? पाहायची हिंमत झाली नाही ना तुझी? याचं मला बरं का वाटतं, कळत नाही.

८ सप्टेंबरला सण. यजमान पुन्हा बाबा आहेत आणि माता आपल्या घरी येणार आहे. भिंतीसाठी त्यांनी नवी नक्कल करायला घेतलीय. सगळं झालंय, पण हात थरथरतो म्हणून ओठ कोरे ठेवलेत. मी रंगवते म्हटलं तर नको म्हणाले.

ये, दादा.

तुझ्यावर रागावलेली की तुझी वाट बघणारी, हे अजून न ठरलेली, पण तुझीच बहीण,
यानेत