तो कधी थांबणार?

१४ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा तेच! तासभर बोलला, पण थांबण्याचं नाव नाही. भाषण तिकडच्या राष्ट्राध्यक्षाचं आणि स्वयंपाक खोळंबला आमचा, इथं नागपुरात, सक्करदऱ्यात. आमची लेक सरिता मोबाइलवर हिंदीत आलेलं वाचून दाखवत होती. तिच्या आईचा आपला एकच प्रश्न — "लढाई थांबवून राहिला का नाही तो?"

पार्वतीला दुसरं काय सुचणार! संघपाल तिकडे गेला तो स्वयंपाकी म्हणून. महिन्याभरात आमच्या पोराच्या अंगावर वर्दी चढली. करार वर्षाचा होता. ते वर्ष कधीच सरलं. आता एजंट म्हणतो, लढाई संपेपर्यंत कोणालाच सुट्टी नाही. म्हणजे माझ्या पोराची सुट्टी त्या एका माणसाच्या हातात. त्याला देवराव मेश्राम कोण, हे ठाऊकसुद्धा नाही.

१५ सप्टेंबर

फोन नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नत्थूजी, कळमन्याच्या धान्यबाजारात माझ्यासोबत वीस वर्षं पोती वाहिलेला. चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत लढाई संपवतो. "त्यानं आजच थांबावं, अन् म्हनावं आपनच जिंकलो. कोन इचारते गा?"

इतकं सोपं असतं तर! आज थांबला, तर तिकडचे आईबाप विचारतील, मग आमची पोरं काहून गेली? जिंकेपर्यंत लढला, तर विचारायला पोरंच उरणार नाहीत. मध्यस्थ घातला, तर तो आधी आपला वाटा मागणार. हे सगळं मी नत्थूजीला समजावलं. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "मंग तुले काय वाट्टे?"

मला काय वाटतं! पोरगं घरी यावं. एवढंच वाटतं.

२१ सप्टेंबर, रविवार

संघपालचा फोन! दोन मिनिटंसुद्धा नाही. आवाज बरा वाटला. "जेवतोस ना?" — "जेवतो." "कधी येशील?" — "पाहू ना बाबा." मागं कोणीतरी हसत होतं. पार्वतीच्या हातात देईपर्यंत कट! सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. जसा काही मीच कापला.

२४ सप्टेंबर, बुधवार

त्या माणसाचा राग येतो. आणि लिहायला लाज वाटते, पण तो मला समजतोही.

हमालांचा संप मीच पुकारला होता. चौथ्या दिवशी कळून चुकलं की हरलो. तरी सतरा दिवस ओढला. रोज सकाळी गेटवर दीडशे माणसं माझ्याकडे बघायची. त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, घरी जा म्हणून? शेवटी अडत्यांचे पुढारी भैय्याजी स्वतः चालत आले. सगळ्यांसमोर माझा हात धरला — "देवराव, तुमी जिंकले. चला आता, चहा पिऊ." मिळालं काहीच नव्हतं! पण खाली उतरायला शिडी मिळाली, मी उतरलो.

त्या वरच्या तेरा दिवसांत आमच्यातल्या महादेवरावानं बायकोचं औषध बंद केलं होतं. मला हे नंतर कळलं.

तिकडच्या माणसाला कोण शिडी लावणार? आणि लावली तरी तो उतरेल का?

२ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी

विहारात दरवर्षी मलाच बोलायला उभं करतात. सम्राट अशोकानं कलिंगात रक्त पाहिलं आणि शस्त्र खाली ठेवलं. कित्येक वर्षं हेच सांगत आलो, टाळ्याही घेतल्या. आज दीक्षाभूमीवरून आलेली माणसं दारापर्यंत उभी होती आणि मी अर्ध्यातच अडकलो. अशोक जिंकला होता! जिंकून थांबला. जो जिंकतही नाही आणि हरतही नाही, त्यानं थांबायचं कसं? माईक खाली ठेवला.

यमुताईंनी पाणी आणलं. "बसा भाऊ, जरा बसा." मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो!

३ ऑक्टोबर

दिवसभर टीव्ही लावला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सुटका! लढाई चालूच राहणार, पण तिकडचं सरकार परदेशी माणसांना सोडतंय. प्रत्येकाला विचारणार आणि ज्याला जायचं त्याला जाऊ देणार. सरितानं तीनदा वाचलं, मी चौथ्यांदा वाचायला लावलं. मी इतक्या वाटा मोजल्या, ही ध्यानातच आली नव्हती. ज्याला महिनाभर शिव्या दिल्या, त्याचं आज मनात भलं चिंतलं. पार्वतीनं संघपालची गादी उन्हात टाकली. "पोरगं बारीक झालं असन वं सरिता," म्हणत दिवसभर घरात फिरत होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिल्लीच्या परराष्ट्र कचेरीतून फोन आला. मग माझ्या मोबाइलवर एका कागदाचा फोटो. मराठीत आहे. "मला परत जायचे नाही. मी माझ्या मर्जीने इथेच थांबत आहे. माझा पत्ता घरच्यांना देऊ नये." अक्षर संघपालचंच आहे.

पार्वतीला सांगितलं — तो राष्ट्राध्यक्ष फिरला, सोडत नाही म्हणतो. तिनं त्याला तोंडाला येईल ते बोलून घेतलं. मी मान हलवत राहिलो.