सातवर चालणारी मापवही

प्रिय ठकू,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन दोन वर्षं चार महिने झाले आणि मी एक ओळ लिहिली नाही. दर रविवारी फोन होतो, पण त्यात मी विचारतो कशी आहेस, तू म्हणतेस बरी, आणि आपण दोघंही सुटल्यासारखे होऊन फोन तुझ्या आईकडे देतो. तिचं म्हणणं, पत्रात आधी तब्येत विचारावी. तर तब्येत कशी आहे? विचारलं. आता मुद्द्यावर येतो, कारण माझं डोकं आठ दिवस तापलेलं आहे.

तुझी मापवही, तू लिहिलेला तो मापांचा प्रोग्रॅम, सर्व्हरवरून काढून टाकायला निघालेत. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला कारखान्याच्या समितीची बैठक आहे, त्यात ठरणार. मापवही जाणार आणि तिच्या जागी बाहेरचं तयार सॉफ्टवेअर येणार. कृत्रिम पाय लागणाऱ्या चौदाशे माणसांची मापं तू एकेक करून भरलीस. कुणाची मांडी किती, पोटरी कुठवर उरली आहे, हाड कुठे टोचतं, सगळं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे हाड टोचण्याचा रकानाच नाही. मी विचारलं, मग ते लिहायचं कुठे? तर म्हणाला, शेऱ्यात लिहा.

असं म्हणणारा कोण, तर कॉम्प्युटरचा नवा ठेकेदार. त्याला कारखान्यात सगळे अपडेटवाला म्हणतात. पोरगा हुशार असेल, नाही म्हणत नाही. पण आल्या दिवसापासून त्याला जुनं म्हणून काही दिसलं की खाज सुटते. दीड महिन्यापूर्वी तो प्लास्टरच्या गोदामामागच्या सर्व्हरच्या खोलीत शिरला, दार लावलं आणि सर्व्हर ज्यावर चालतो त्या तुझ्या लिनक्सवर जे जे नवं मिळतं ते सगळं बसवून मोकळा झाला. ज्या भाषेत तू मापवही लिहिलीस तिची सातवी आवृत्ती होती, तिथे आठवी आणली. कोण काय वापरतं, कशावर काय उभं आहे, एका माणसाला विचारलं नाही. बाहेर येऊन हात झटकले आणि म्हणाला, आता मशीन एकदम ताजं.

मला यातलं किती कळतं ते तुला माहीत आहे. सातवी झाली आणि शाळा सुटली. पण तू मला माझ्याच भाषेत समजावलं होतंस. आपण पाय जोडतो तेव्हा गुडघा, नळी, पाऊल आणि मधले जोड एकाच संचातले घेतो. कपाटात तीन कंपन्यांचे संच असतात, पण एका पायात एकच. एकाचा गुडघा आणि दुसऱ्याचा जोड लावला तर बसतो, आटेही फिरतात, आणि माणूस जिन्यावर असताना सुटतो. मॉड्यूलचं, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमच्या संचांचं, तसंच, म्हणालीस. आवृत्त्या पाच ठेवलेल्या असतात, चालू एकच करायची, आणि बदलायची असेल तर आधी तिच्यावर काय काय उभं आहे ते बघायचं. पहिल्या दिवशी नव्या कारागिराला मी हेच शिकवतो. या शिकलेल्या माणसाला ते ठाऊक नसावं?

मापवही बंद पडली असती तर बरं झालं असतं, लगेच कळलं असतं. ती चालूच राहिली. फक्त छापील कागदावर अर्धा आकडा गळायला लागला. साडेएकतीस सेंटिमीटर असेल तिथे एकतीस. कोणाच्या लक्षात येणार? मी प्लास्टरचा साचा कागदावरच्या मापापर्यंत कानसीनं उतरवतो, तसा उतरवला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाई आठवतात ना, पायमशीनवाल्या, ज्यांनी तुझ्या खोलीला पडदा शिवून दिला होता? त्यांचा पाय. आठ दिवसांत परत आल्या. बाकावर बसून पाय उतरवला तर कातडी सोललेली, दोन ठिकाणी. मला म्हणाल्या, मिस्त्री, माझं वजन वाढलं असेल हो, तुमचं काम कधी चुकत नाही. ठकू, त्या स्वतःला दोष देत होत्या. मी टेप घेऊन पुन्हा मोजलं. साडेएकतीस. कागदावर एकतीस, आणि खाली सही माझी. बत्तीस वर्षांत माझ्या सहीखाली कोणाची कातडी गेली नव्हती. त्या आठवड्याचे बाकीचे पाच साचे मी तिथल्या तिथे बाजूला ठेवले.

अपडेटवाल्याला सांगायला गेलो तर मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, काका, तुम्ही कानस चालवा, कमांड आम्ही चालवतो. आणि वर, तुमच्या मुलीचा प्रोग्रॅमच कच्चा आहे, नव्या आवृत्तीवर तग धरत नाही, त्याला मी काय करू. चार दिवसांनी बघतो म्हणाला. चार दिवस लोकांनी काय करायचं, एका पायावर उभं राहायचं?

मग मी तू जाताना सर्व्हरबद्दल लिहून ठेवलेली निळी वही काढली. स्टोअरवाल्या ताईंच्या कपाटात ती आणि पासवर्डचं पाकीट तसंच होतं. ताई टाइप करणार आणि मी एकेक अक्षर वाचणार, असं ठरलं. पहिलं एंटर दाबायच्या आधी ताई म्हणाल्या, देवाचं नाव घेऊ का? मी म्हटलं, वहीचं घ्या, देवाला लिनक्स येतं की नाही ते आपल्याला माहीत नाही. तू लिहिल्याप्रमाणे आधी यादी मागवली. आठसमोर खूण होती. मग रीसेट केलं, मग सात एनेबल, म्हणजे चालू केलं. पुन्हा बघतो तर आठच चालू. वाटलं, आता आपणही काहीतरी मोडलं. तेव्हा ताईंनी पान उलटलं. मागे तुझ्या अक्षरात होतं: अण्णा, नुसतं एनेबल करून जुनं परत येत नाही, नुसती वाट बदलते. बसवलेली पॅकेजेस त्या आवृत्तीशी जुळवून घ्यावी लागतात, त्याची कमांड ही. ती दिली. मशीननं लांबलचक यादी दाखवून विचारलं, करू का? मी ती यादी वहीतल्या तुझ्या यादीशी दोनदा ताडून बघितली. ताई म्हणाल्या, मिस्त्री, माझी रिटायरमेंट जवळ आलीय. मग हो म्हटलं. कागद छापला. साडेएकतीस. बाईंचा पाय मी नव्यानं केला, त्या आता मशीन चालवताहेत.

याबद्दल मला शाबासकी नको होती. पण समितीसमोर माझी चौकशी झाली, की कानसवाल्यानं सर्व्हरला हात लावलाच कसा. अपडेटवाल्यानं कारखाना चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाईंना सांगितलं की सातव्या आवृत्तीची डागडुजी बनवणाऱ्यांनीच बंद केली आहे, त्यात भोकं राहतील, मापं चोरीला जातील. हे खरं आहे असं ताईंच्या कॉम्प्युटरवाल्या जावयानंही सांगितलं, म्हणून मी त्यावर भांडत नाही. सात कायमची चालणार नाही. पण त्याचा अर्थ मापवही फेकून द्यायची असा होतो का? गुडघ्याचा जुना संच बंद झाला म्हणून आपण माणसाला घरी पाठवत नाही, त्याला नव्या संचावर चालायला शिकवतो. तुझी मापवही आठवर चालेल अशी करता येईल की नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार?

हेच मी बैठकीत म्हणालो. तर तो हसून म्हणाला, काका, त्यांचं काम इतकं चांगलं होतं तर त्यांना काढलं कशाला? मोठ्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नखातलं प्लास्टर काढत बसलो. तो उठून गेला आणि समितीनं निर्णय दहा तारखेपर्यंत राखून ठेवला. तेव्हापासून मला जेवण जात नाही. आधी वाटलं, त्याचा राग आहे. त्याचा आहेच. पण त्याला तरी काय माहीत, त्यानं तुला काढल्याच्या कागदावर जे वाचलं तेच बोलला. कागदावर लिहिलंय, गरज उरलेली नाही.

ठकू, तुझं काम कच्चं नव्हतं. तुझी मुदत वाढवू नका असं डॉक्टरबाईंना मी जाऊन सांगितलं होतं. तू त्या बिनखिडकीच्या गार खोलीत खोकत बसायचीस, बाहेरच्या नोकरीची दोन बोलावणी नाकारलीस, आणि मला भीती वाटायची की बापाच्या कारखान्यात तुझं आयुष्य जाईल. मी सांगून तू गेली नसतीस. बाई नको म्हणत होत्या, मी हात जोडले, आणि तुला कळू देणार नाही असं वचन घेतलं. मुदत संपल्याचं पत्र हातात पडल्यावर तू माझ्या ओट्यापाशी येऊन विचारलंस, अण्णा, माझं काय चुकलं, आणि मी कानस थांबवली नाही. ते मला आज लिहितानाही सोसवत नाही. दहा तारखेला मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू नको म्हणालीस तरी सांगणार. पण परक्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं, आणि फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. रागाव, वाटेल ते बोल, फोन घेऊ नकोस. फक्त मापवही आठवर नेता येईल का, आणि तू नेशील का, एवढं दहा तारखेच्या आत कळव. नाही असेल तर नाही कळव, पण लवकर कळव.

तुझाच,
अण्णा