ट्रॉलीवरचं रेडियम

भाऊबीज, १९९९. उचगाव.

आज वैनी एकटीच आली, गडहिंग्लजहून, सकाळच्या एसटीनं. गेल्या भाऊबीजेला दादा मोटरसायकलवरून माझ्याकडं यायला निघाला होता. अंधारात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. त्याला ती दिसलीच नाही. मी इकडं ओवाळणीचं ताट लावून बसले होते.

जेवण झाल्यावर वैनीनं पिशवीतून लाल रेडियमची गुंडाळी काढली. "चला वन्सं, हमरस्त्यावर जाऊ."

टपरीपाशी एक ट्रॉलीवाला चहाला थांबला होता. वैनी सरळ मागं जाऊन पट्टी चिकटवायला लागली.

"काय करताय, बाई? ट्रॉली मालकाची हाय."

"असू दे की. दिवाळीची भेट समजा."

तो बघत राहिला. "कुणाचं काय झालंय व्हय?"

वैनी पट्टी दाबत होती, दाबतच राहिली. मग म्हणाली, "माझं मालक गेलं, पावणं. अशाच ट्रॉलीला धडकून."

त्यानं चहा तसाच ठेवला आणि दुसऱ्या बाजूची पट्टी स्वतः लावली. मी पदर तोंडात धरून उभी. एवढीशी लाल पट्टी! तेवढी असती तर दादाला दिसली असती का? असतीच.

एसटीत बसवताना मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पण ये गं."

तिनं खिडकीतून माझा हात धरला. "आता तुम्हीच या, वन्सं. माहेर हाय की अजून. पण उजेडात निघा."