चष्म्याविना सुई

प्रिय लेकी,

तू धाडलेल्या दोघींतली आधी आली ती पुस्तकवाली, दोन्ही खांद्यांना पिशव्या लटकवून. मागून ती बोलायची डॉक्टरीण. गोळी नाही, सुई नाही, नुसतं बोलायचं! मी दार अर्धंच उघडलं. गोड बोलणाऱ्यांवर माझा भरवसा नाही, तुला ठाऊक आहे. तुझी चिमणी नोकरी सोडून माझ्याकडे आली त्याला चार महिने झाले, पडदा ओढून पडलेली. डॉक्टरीण तिला म्हणते, रोज थोडं वाच, तऱ्हेतऱ्हेचं वाच, मन जिथं अडेल ते मला सांग. आणि पिशवीतून निघालं काय, तर एक मधमाश्यांचं, एक कवितांचं, एक खुनाचं, एक बर्फात अडकलेल्या खलाशांचं! म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. उदास पोरीला कुणी खून वाचायला देतं का गं?

आता त्यात काय लिहिलंय हे मला कसं कळणार? दुसरीपर्यंतची माझी शाळा, एका पानाला माझी दुपार जाते. म्हणून मी चिमणीला थाप मारली की माझे डोळे गेले, तू वाचून दाखव. पाळत ठेवायला गं, दुसरं काय! आधी कुरकुरत अंथरुणातूनच वाचायची. मग स्वयंपाकघरात येऊन वाचायला लागली. राणीमाशीचा थाट वाचताना म्हणाली, ही तर आपली आत्या, आणि हसली! खलाशांपाशी मात्र रडली. मी पुस्तक मिटायला गेले, तर म्हणाली, थांब आजी, ह्याला माझ्यासारखंच होतंय. सकाळी उठावंसंच वाटत नाही. पुढच्या खेपेला तेच तिनं डॉक्टरणीला सांगितलं. मी दाराआड होतेच. आपल्याला कधी बोलली होती का?

काल मी बटण लावायला सुईत दोरा ओवत होते, चष्म्याविना, एका झटक्यात. वर बघते तर डॉक्टरीण दारात उभी. चोराच्या मनात चांदणं, बोटाला टोचलीच. ती एवढंच म्हणाली, आजी, पुढचं पुस्तक बारीक अक्षरांचं आणू का? बाई पोचलेली आहे. माझी नजर आहेच तिच्यावर.

फोनवर बोलले तर चिमणी ऐकेल, म्हणून दिवसभर खपून हा कागद. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं ना, ह्या बायका लबाड आहेत, त्यांचं येणं बंद कर? ते पत्र फाडून टाक. त्यांना काही कळवू नकोस. आज सकाळी पडदा चिमणीनं स्वतः सारला. माझ्या डोळ्यांचं तेवढं आपल्या दोघींत ठेव. त्या दोघी गुरुवारी चारला येतो म्हणाल्यात.

तुझीच,
डोळ्यांनी अधू झालेली आई