काकडी-कॉफी मिल्क टी

२ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. विशेष कारण नाही. महिनाअखेरीस कन्या हॉस्टेलला जाणार, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मुलं मोठी होतात, जातात. आपण हळवे वगैरे नाही.

नोंद म्हणून: गेल्या आठवड्यात ती माझ्याशी एकूण बोलली ते असं. हं. नको. चार्जर कुठंय. त्यातलं चार्जरचं मला उद्देशून नसावं, असं हिचं, म्हणजे बायकोचं, मत.

३ जून. चष्म्याच्या दुकानातून
गिऱ्हाईक नाही. समोर मिल्क टीचं नवं दुकान झालंय. कन्या क्लासनंतर मैत्रिणींबरोबर तिथे बसते आणि अखंड बोलते. आमच्या काचेतून दिसतं, ऐकू येत नाही. हातवारे तर काय! घरी कन्येला हात आहेत की नाही शंका यावी.

विचार केला. आपल्याकडे समान विषय नाही, हाच प्रॉब्लेम. ठराव: मिल्क टी या विषयावर प्रभुत्व मिळवणे. मुदत, महिनाअखेर.

५ जून
पहिली भेट. चहा कुठला, फ्लेवर कुठला, साखर किती, बर्फ किती, वर काय घालू? पासपोर्टला इतकं विचारत नाहीत. सगळ्याला मध्यम म्हणालो. मालकीणबाई म्हणाल्या, मध्यम नावाचा फ्लेवर नाही.

तळाशी काळे चिवट गोळे. जाड स्ट्रॉमधून एक थेट घशात. ठसका. कन्येच्या सगळ्या मैत्रिणींनी वळून पाहिलं. कन्या मात्र भिंतीकडे बघत होती. म्हणजे संयमी आहे. माझ्यावर गेलीये.

महत्त्वाचं! भिंतीवर बोर्ड. 'आठवड्याचा कप'. कुणीही नवं मिश्रण सुचवावं. मालकीणबाईंना पसंत पडलं तर आठवडाभर बोर्डवर, नावासकट. रविवारी सुचवणाऱ्याने स्वतः एप्रन बांधून लोकांना चव द्यायची. देवानेच पाठवलाय हा बोर्ड.

९ जून
लिची आणि मोहरी. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भावुक बाई आहेत.

१० जून
टोमॅटो-व्हॅनिला. म्हणाल्या, विचार करते. अननसात दूध फाटलं. दुधाचा दर्जा घसरलाय.

हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, मुलीशी बोलायचंय तर मुलीशी बोला ना, चहाच्या मागे काय लागलात? हिला रिसर्च म्हणजे काय हे कळायचं नाही. वाद घातला नाही. (वेलची संपली म्हणून ओरडत होती. ती मी नेली होती.)

१२ जून
युरेका. इतकी वर्षं जे करतोय तेच इथे का करू नये? नंबर काढताना आपण काय करतो? दोन भिंगं आलटूनपालटून लावतो. पहिलं बरं की दुसरं? जे बरं ते ठेवायचं, पुढचं लावायचं. शेवटी माणसाला लख्ख दिसतं. चवीचंही तेच.

आजपासून खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला दोन चमचे. डोळ्यांवर चाचणीची फ्रेम असते, त्यामुळे लोक उठून जात नाहीत.

१३ जून
कॉफी की व्हिनेगर? सगळे म्हणाले कॉफी. कॉफीत काकडी की कॉफीत लसूण? एकमताने काकडी. त्यावर मिरी की पुन्हा लसूण? बँकेचे मॅनेजर हात जोडून म्हणाले, मिरी. इतकं स्पष्ट बहुमत मी आयुष्यात पाहिलं नाही.

बँकेचे मॅनेजर नंबर न घेताच गेले. घाईत असतील.

१६ जून, सोमवार
काकडी-कॉफी-मिरी मिल्क टी बोर्डवर! मालकीणबाई म्हणाल्या, लावते, पण मग रोज यायचं थांबवाल का? माझ्या वेळेची त्यांना किंमत आहे.

जेवताना सहज विषय काढला. कन्येने मान वर केली. विचारलं, ते तुझं आहे? अख्खं वाक्य, तेही प्रश्नचिन्हासकट. प्रगती.

१८ जून
काचेतून पाळत. एका गृहस्थाने माझा कप घेतला, एक घोट घेतला, भरलेला कप बाकावर ठेवून गेला. पुरवून पुरवून पिणारा दिसतो. संध्याकाळपर्यंत परत आला नाही.

२१ जून
उद्या रविवार. एप्रन घालून पाहिला. ही हसली नाही, नुसतीच बघत राहिली. म्हणाली, तिला सांगू का यायला? म्हटलं, छे. यायचं तर येईल. आपल्याला काही फरक पडत नाही.

झोप लागत नाही. उकाडा.

२२ जून, रविवार
विजय. सविस्तर लिहितो.

सुरुवात संथ. ट्रेमध्ये छोटे कप मांडले. लोक घोट घ्यायचे, म्हणायचे, वेगळं आहे. एका आजींनी विचारलं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर? दुपारपर्यंत ट्रे जवळजवळ भरलेलाच. खोटं कशाला लिहू, एप्रन काढून मागच्या दाराने जावं असं वाटलं.

तेवढ्यात कन्या आली, मैत्रिणींबरोबर. मी काउंटर पुसायला लागलो. एका मैत्रिणीने कप नाकाशी नेला आणि फिस्सकन हसली. मग सगळ्याच हसायला लागल्या. कन्येने तिच्या हातातून कप घेतला आणि एका दमात संपवला. म्हणाली, भारी आहे. दुसरा संपवला. मग तिसरा. मैत्रिणींना हातही लावू देईना, अख्खा ट्रे एकटीने रिकामा केला! एवढी हाव बरी नव्हे, पण जिभेवर कुणाचा काय इलाज? जीभ माझीच आहे.

जाताना म्हणाली, बाबा, एप्रन छान दिसतो. आता पुढचा फ्लेवर. मुळा आणि चॉकलेट?

२३ जून, सोमवार
कन्या उठली नाही. ही सकाळपासून तिच्या खोलीत. विचारलं तर आधी काही सांगेना. मग म्हणाली, काल घरी आल्यापासून उलट्या करतेय. बाबाला सांगू नको म्हणून शपथ घातलीये.

मी म्हटलं, मग प्यायली कशाला एवढं?

ही म्हणाली, अहो, तुम्हाला हसत होत्या म्हणून.

स्वयंपाकघरात गेलो. मीठसाखरेचं पाणी केलं आणि तिच्या खोलीत गेलो. चेहरा एवढासा झाला होता. तिने विचारलं, हे सगळं का केलंस? मी बिझनेसचं काहीतरी सांगणार होतो. पण म्हणालो, तू जाणार ना आता. समोरच्या दुकानात बसून एवढं बोलायचीस, आणि मला ऐकू यायचं नाही.

तिने सरकून मला कॉटवर जागा केली. मी पेला पुढे केला. तिने पेल्यात वाकून पाहिलं, वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

म्हणाली, आधी तू पी.

प्यायलो. मग ती प्यायली.