लिंबानं सगळं मरतं?

सोमवार, ता. ९

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायचा प्रघात आहे. इकडे काहीही क्षेम नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

यांचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं. पित्ताशय काढलं, पित्ताची नळी चिरून धुतली. सर्जनबाईंनी बाहेर येऊन बशीत काय निघालं ते दाखवलं. चपटे, करडे कृमी, कुजक्या पानांच्या तुकड्यांसारखे. त्यातला एक आकसला, मग पसरला.

"नदीचे मासे कच्चे खातात का हे?" बाईंनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. दर रविवारी तुम्ही दोघे भाऊ काठावर बसून मासा चिरणार, वर लिंबू पिळणार, आणि मी शिजवून देते म्हटलं की हसणार. "वहिनी, लिंबानं सगळं मरतं!" मरत नाही. नळीत वर्षानुवर्षं संसार थाटून बसतं. पुन्हा कच्चं खाल्लं तर पुढच्या वेळी कॅन्सरच सापडेल, असं बाईंनी बजावलंय.

आणि परवा तुम्ही वॉर्डात काय आणलंत? तोच लिंबू पिळलेल्या कच्च्या माशाचा डबा! 'दादाच्या तोंडाला चव नाही' म्हणे. कुशीतून नळी, नळीला हिरव्या पित्ताची पिशवी, आणि हे महाशय डब्याकडे हात पुढे करतात! वर विनोद, "इतकी वर्षं मी एकटा कधी जेवलोच नाही म्हणायचं." शिसारी आली मला. डबा मोरीत पालथा केला आणि नर्ससमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

पण बोलायचं होतं ते राहिलंच. जाताना खिडकीपाशी तुम्ही वळलात. डोळे पिवळे होते तुमचे. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. साबण बाधला म्हणू नका. यांनीही आधी साबणच बदलून पाहिले होते.

सर्जनबाईंशी बोलून ठेवलंय. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी या. रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळं तपासायचंय. यांना मी काही सांगितलेलं नाही, टाके ओले आहेत. "धाकटा रुसला का गं?" म्हणून सारखे विचारतात. मी हो म्हणते.

नाही आलात तर घरी येऊन गल्लीदेखत कान धरून नेईन. तुमच्या पांढऱ्या केसांची भीड ठेवणार नाही.

राग तिळभरही न निवळलेली, आणि गुरुवारी दवाखान्याच्या दाराशी उभी असणारी,

तुमची वहिनी