उन्हात वाळवलेल्या रेकॉर्डी

९ एप्रिल
सीड्या आज संपल्या. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या. दोन चालल्याच नाहीत, त्यात एक आमच्या लग्नाची. नवरोबा म्हणाले, "सुटलो." हसू आलं, रागही आला.
उद्यापासून मामाजींच्या रेकॉर्डींची पेटी. पोटच्या पोरांना कधी हात लावू दिला नाही त्यांनी. मला म्हणाले, "तुह्या हाताले शिस्त हाये, वंदना. तूच कर." सासऱ्याकडून एवढं! दिवसभर मिरवले.

११ एप्रिल
धूळ फार. गाण्यापेक्षा खरखर मोठी.
मामाजी दुपारभर शेजारी बसून. काचबिंदूनं आता नुसता उजेड-अंधार कळतो, पण कव्हरच्या कोपऱ्यावर बोट फिरवून रेकॉर्ड कोणती ते सांगतात. भैरवीतली ठुमरी लावली. एका ओळीवर पिन अडकते, तीच ओळ पुन्हा पुन्हा. त्यांनी बोटानं हलकेच ढकलली, मग पुढे. सासूबाईंनी पुसताना ओरखडा पाडला होता म्हणे.
"आठ रोज बोललो नाई तिच्यासंगं," म्हणाले. सासूबाई गेल्यापासून ही रेकॉर्ड निघालीच नव्हती.
अजून भरली नाही. आधी धुते सगळ्या.

१३ एप्रिल
लिहायला हात होत नाही.
साबणाच्या पाण्यात धुतल्या. गच्चीवर खाटेवर कुरडया होत्या, शेजारी चादर टाकून रेकॉर्डी मांडल्या. शिस्तीत, ओळीनं. रेकॉर्डी धुवायच्या व्हिडिओतला माणूस सावलीत वाळवा म्हणाला होता. ऐकलं होतं मी. सावलीत वेळ लागतो म्हणून... आणि ताईचा फोन आला. बोलतच बसले.
वर गेले तर कुरडया कडकडीत. रेकॉर्डींच्या कडा वर आलेल्या, तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या. ठुमरीची तेवढी टाकीच्या सावलीला होती, ती कमी वाकली.
सगळ्या कव्हरांत कोंबल्या. पेटी बंद.
मामाजींनी विचारलं, "वाळल्या काय?" मी हो म्हटलं.

१४ एप्रिल
नवरोबांना सांगितलं. "बाबाले दिसते कुठी? नेटवरून उतरव अन् लाव."
चिडले त्यांच्यावर. खरं तर हेच माझ्या मनात आधी येऊन गेलं होतं. त्याची लाज जास्त वाटते.

१७ एप्रिल
नेटवरून उतरवली सगळी गाणी. मामाजींना स्पीकरवर ऐकवली. खूश. "आवाज कसा साफ आला!"
मग ठुमरी. ती ओळ जवळ आली तसं त्यांचं बोट उचललं गेलं, आपोआप. गाणं न अडकता पुढे निघून गेलं. बोट जरा वेळ तसंच हवेत. मग हात मांडीवर.
"ते अटकनं कुठी गेलं?"
"कॉम्प्युटरनं साफ केलं, मामाजी." किती सहज बोलले मी. जीभ झडली नाही.
"हुशार हाये तुहा कॉम्प्युटर."
रात्री भाकरी अर्धीच खाल्ली त्यांनी. मला त्यांच्या ताटाकडे बघवेना.

१८ एप्रिल
ठुमरीची रेकॉर्ड दोन काचांमध्ये घालून गव्हाच्या डब्याखाली ठेवली. शिरपूरच्या या उन्हानं वाकवली, आता याच उकाड्यानं सरळ कर रे देवा.

२३ एप्रिल
थोडी बसली. पूर्ण नाही. लावून बघायची, पण मामाजी देवळाकडे गेल्यावर.

२४ एप्रिल
ते आज गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत होते, मला माहीत होतं. तरी लावली.
सूर हेलकावे खात होता. मग ती ओळ. अडकली. पुन्हा. पुन्हा. मी ढकलली नाही, उभी राहून रडत होते.
"वंदना, ढकल ना वं तिले! काय करून राह्यली?"
भिंत धरत आत आले. बोट पुढे केलं, नेमकं पिनेकडे. मला हात धरता आला असता. धरला नाही. बोट तबकडीच्या कडेला लागलं. वर उचललं गेलं, खाली आलं, पुन्हा वर.
"उन्हात?"
"हो. सगळ्याच. त्या दिवशी खोटं बोलले मी."
पिन ढकलली नाही त्यांनी. खुर्ची चाचपली, बसले.
मी स्वयंपाकघरात येऊन हे लिहितेय. तीच ओळ अजून चालू आहे. बंद करायला आत जायची हिंमत नाही, आणि ते बंद करत नाहीत.